चार मजल्यांची शांतता

माणसावर चोरीचा आळ यावा, पण निदान चोरलेली वस्तू तरी धड असावी. आमच्या इमारतीने माझ्यावर जो आळ घेतला तो शांतता चोरल्याचा. घराघरांत शिरून, चांगल्या बोलत्या माणसांना गप्प बसवून, त्यांची शांतता मी यंत्रात भरून नेली म्हणे. आणि पंचाईत अशी की, हे खरं होतं.

मी वजनमापं तपासतो. सरकारी नोकरी आहे. दुकानदाराचा तराजू उचलायचा आणि पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा नखाने खरवडून त्याच्याच हातावर ठेवायचा. या कामात समोरच्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस दोन दिवस टिकत नाही. संध्याकाळी घरी आलो की मी कथा लिहितो. मला लिहायला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे बिघडवायलाही कोणी नव्हतं. मासिकवाले माझ्या कथा परत पाठवतात. ते त्या वाचतही नाहीत. हे मी पुराव्यानिशी सांगतो. ‘काटा’ नावाची माझी कथा पाठवताना मी तिची मधली दोन पानं डिंकाच्या एका थेंबाने चिकटवली होती. कथा परत आली तेव्हा पानं तशीच चिकटलेली, आणि सोबत चिठ्ठी : ‘कथेचा मध्य अधिक खुलायला हवा होता.’

तर अशा माणसाच्या वस्तीत रेडिओ आला. मोठा, सगळीकडे ऐकू जाणारा नव्हे. लोकांनी लोकांसाठी चालवायचा, पायी फिरून येऊ तेवढ्याच टापूत ऐकू येणारा. वाचनालयाच्या माडीवर, जिथे पूर्वी फाटकी पुस्तकं ठेवत तिथे, भिंतींना गाद्या ठोकून खोली केली आणि दारावर पाटी लावली : ‘तुमचा रेडिओ, तुमचा आवाज’. पाटी वाचताच मला शंका आली. बाजारात जो दुकानदार ‘या साहेब, दुकान तुमचंच आहे’ म्हणतो, त्याचा तराजू मी सगळ्यात आधी उलटा करतो.

तरी ‘काटा’ घेऊन गेलो. तिथल्या प्रमुख बाईंनी, म्हणजे रेडिओबाईंनी, ती तिथल्या तिथे वाचली. डिंक न लावता दिली होती, ही माझी चूक. त्या म्हणाल्या, “कथा चांगली आहे.”

“मग अडचण काय आहे?” मी विचारलं. फुकट चांगलं कोण म्हणतं?

“अडचण नाही. तुमच्याच आवाजात लावू, रविवारी संध्याकाळी. पण आधी तुम्ही आमच्यासाठी एक काम करा. तुमच्या इमारतीतल्या लोकांचे आवाज आणा. कोण गातं, कोण नकला करतं. प्रत्येक घरात काही ना काही कला असते.”

“आमच्या इमारतीत फक्त दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची कला आहे.”

“तीही चालेल,” त्या म्हणाल्या आणि मुठीएवढं यंत्र माझ्या हातात दिलं.

मी ते घेतलं, कारण मला लोभ सुटला. माझा शब्द आजवर माझ्या बायकोपलीकडे गेलेला नाही. तिच्यापर्यंतही अर्धाच पोचतो, कारण ऐन रंगात आलो की ती गॅस बंद करायला उठते. गॅस किती वेळा बंद करावा लागतो याचा मी एकदा माग काढला, तेव्हा कळलं की तो लावलेलाच नव्हता. एकदा, फक्त एकदा, माझी कथा सुरुवातीपासून शेवटापर्यंत कोणीतरी ऐकावी एवढीच माझी इच्छा होती.

यंत्र देताना बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. एक, नोंद सुरू करताना जागा कोणती ते आपल्या आवाजात सांगायचं. दुसरी, माणसाचं बोलणं झालं की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता भरून आणायची.

“शांतता कशाला?”

“बोलण्यातलं नको ते कापलं की तिथे खड्डा पडतो. तो बुजवायला त्याच खोलीची माती लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते.”

मला हे पटलं, हेच वाईट झालं. जे चटकन पटतं त्यात हमखास खोट असते.

आमच्या इमारतीत तळमजला धरून चार मजले, दर मजल्याला एक बिऱ्हाड. सगळ्यात वर आम्ही. म्हणजे उजेड आमच्याकडे भरपूर आणि पाणी नाही. संध्याकाळी पाणी सुटतं तेव्हा आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते, तीही रडत. तळमजल्यावरचे सेक्रेटरी म्हणतात, “दाबच कमी आहे हो, त्याला मी काय करू? अर्ज केलाय.” हा अर्ज इतका जुना आहे की त्याला आता पेन्शन लागायला हवी. बायको खालच्या सार्वजनिक नळावरून बादल्या भरून तीन जिने चढते आणि प्रत्येक पायरीवर माझ्या साहित्याचा उद्धार करते.

पण एक सोय होती. पाण्याच्या वेळेला सगळे हमखास घरी सापडतात. म्हणून मी तीच वेळ धरली.

सुरुवात घरापासून केली. बायकोला म्हटलं, “तुझी कला काय?”

“तुमच्याबरोबर राहते ती.”

ते नोंदवलं. मग शांतता नोंदवली. बायको गप्प बसून माझ्याकडे एकटक बघत होती. यंत्र बंद केल्यावर म्हणाली, “ही बाई तुम्हाला काय सांगते आणि तुम्ही काय ऐकता! मी सांगितलं असतं गप्प बसा, तर बसला असतात?” तेव्हापासून तिचा रेडिओबाईंवर संशय.

दुसऱ्या मजल्यावर शिवणकाकू. पायाने मशीन चालवता चालवता गिऱ्हाइकांवर गाणी रचतात, हे मला जिन्यातून ऐकून माहीत होतं. म्हटलं, “काकू, एक गाणं होऊ द्या.”

“कोणावर म्हणू, भाऊजी? तुमच्यावरचं चालेल?”

“माझ्यावर आहे?”

मशीन खडखडलं आणि काकू गायला लागल्या :

“कापड आणलं वीतभर, पोट सुटलंय हातभर,
गुंड्या म्हणती सदऱ्याला, जातो आम्ही वाऱ्यावर!”

माणसाच्या पोटाचं माप चव्हाट्यावर मांडणं हा मापशास्त्राच्या दृष्टीने गंभीर प्रकार आहे. पण कलेसाठी मी तो गिळला. मग म्हटलं, “आता गप्प बसा.”

“आवडलं नाही होय? मग तसं सांगा की!”

“तसं नाही. खोलीची शांतता घ्यायचीय.”

“घ्यायचीय म्हणजे? आणि कुठे नेणार?”

समजावून सांगितलं. काकूंनी ओठ दाबून धरले, पण नजर यंत्रावरून हलली नाही. नंतर म्हणाल्या, “भाऊजी, खरं सांगा. माणूस गप्प बसला की मनातलं ऐकू येणारं काही निघालंय का बाजारात?”

ही शंका जिन्याने माझ्याआधी खाली उतरली. पहिल्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बायको दार अर्धंच उघडून उभे होते. पोस्टमास्तर उत्तम शीळ घालतात. त्यांनी घातलीही. पण शांततेचं नाव काढताच त्यांची नजर पारखी झाली. “अहो साहेब, नोकरीत मी पाकिटं खूप हाताळली. आत काही नसेल तर पाकीट कोणी पाठवत नाही.”

तरी ती दोघं समोरासमोर गप्प बसली. लग्नापासून बहुधा पहिल्यांदाच. यंत्र बंद केलं तशी पोस्टमास्तरीणबाई नवऱ्यावर उसळल्या : “एवढा वेळ कसला विचार करत होतात? बघत होते मी!”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे नक्कीच काहीतरी!”

मी निघालो. वाद मागे दुसऱ्या दिवसापर्यंत चालू होता, आणि त्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली.

राहिले सेक्रेटरी. त्यांना संस्थेचा शिक्का इतका प्रिय आहे की वाढदिवसाच्या शुभेच्छाही ते शिक्का मारून देतात. म्हणाले, “साहित्यिक, इमारतीत आवाज भरताय म्हणे. परवानगी घेतलीत?”

“लोकांच्या घरात त्यांच्या परवानगीने भरलाय.”

“आवाजाचं मी बोलत नाही. आवाज ज्याचा त्याचा. पण शांतता? भिंतींच्या आतली शांतता घरमालकाची हे कबूल. जिन्यातली सामाईक आहे. ती दाराखालून आत येते. तिचं काय?”

मी अर्ज लिहून दिला. तीन संध्याकाळ त्यांनी मला ना हरकत पत्रासाठी खेळवलं. एकदा शिक्का सापडेना, एकदा शाई वाळली, एकदा पत्रात ‘शांतता’ की ‘निःशब्दता’ असं लिहायचं यावर विचार सुरू होता. त्यांच्याकडे टीव्ही कायम मोठ्याने चालू. पाण्याच्या वेळेला तर इतका मोठा की खिडकीची काच थरथरते. बातम्यांचा नाद म्हणायचा.

शेवटी त्यांना कळलं की वरच्या तिन्ही मजल्यांचं घेऊन झालंय आणि आपण एकटेच राहिलोय. तशी त्यांनीच मला हाक मारली. भाषण दिलं, ‘सहजीवनातील शिस्त’ या विषयावर. मग म्हणाले, “आणि आता आमच्याकडची शांतता घ्या. बाकीच्यांच्या घरात कसली शांतता, नुसती कुजबुज! ही बघा खरी.” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला आणि फोटो काढताना बसतात तसे छाती काढून बसले.

आवाज भरून झाले. आता पुढची चूक माझी, आणि ती माझ्या स्वभावातून आली.

हे सगळं एका पेनड्राइव्हमध्ये घालून शनिवारी रेडिओवर द्यायचं होतं. मी विचार केला, एवढा अस्सल माल मी गोळा करायचा आणि माडीवर कोणीतरी तो आपल्या नावावर खपवायचा? साहित्यात हेच चालतं. म्हणून मी युक्ती केली. काकूंचं गाणं, पोस्टमास्तरांची शीळ, सगळे बोलके आवाज एका पुडक्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, घातले आणि त्याला नाव दिलं ‘कचरा’. चारही शांतता दुसऱ्यात घातल्या आणि नाव दिलं ‘मुख्य कार्यक्रम’. चोर आलाच तर मुख्य कार्यक्रम पळवील आणि घरी जाऊन शांतता ऐकत बसेल. शनिवारी पेनड्राइव्ह देऊन यायचा, रविवारी वेळेआधी माडीवर जायचं आणि खरं पुडकं आपल्या हाताने लावायचं, असा बेत होता. बेत चोख होता. फक्त त्यात मी मोकळा असणं गृहीत धरलं होतं.

रविवारी दुपारी जिन्यात सूचना लागली. शिक्क्यासकट. ‘तातडीची सभा. विषय : इमारतीतील शांततेबाबत. सर्व सभासदांनी तळमजल्यावर जमून रेडिओवरील कार्यक्रम एकत्र ऐकावा व कोणाचे काय गेले याची खात्री करून घ्यावी.’ मी जिना उतरून रस्त्याला लागणार तोच पोस्टमास्तर आडवे आले.

“कुठे निघालात?”

“रेडिओवर.”

“आरोपीच गेला तर सभा कोणाची घ्यायची? चला आत.”

ऐन पाण्याच्या वेळेला सेक्रेटरींच्या बैठकीत मला मधल्या खुर्चीत बसवलं. माझी सख्खी बायकोसुद्धा समोरच्या बाजूला जाऊन बसली. मी माडीवर फोन लावला, तो बंद. कार्यक्रम चालू असताना बाई फोन बंद ठेवतात. सेक्रेटरींनी टीव्ही बंद करून रेडिओ लावला. बाईंचा उत्साही आवाज आला : “आता ऐका, आपल्याच वस्तीतल्या एका इमारतीचे आवाज!”

आणि पाठोपाठ माझा आवाज : “तिसरा मजला. आमचं घर. शांतता.”

हवेतून गेलेले हे माझे पहिले शब्द. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो क्षण आला आणि मी खुर्चीपासून दारापर्यंतचं अंतर मोजायला लागलो.

रेडिओ गप्प झाला. लांब एक कावळा ओरडला. बाकी काही नाही.

“बिघडला का?” पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या.

“नाही,” माझी बायको म्हणाली. “हे आमचंच घर. मी ओळखते ना.”

“पण मागे ते घूं कसलं?” काकूंनी विचारलं.

“तुमचा फ्रीज असेल.”

“आमच्याकडे फ्रीज कुठाय? आम्हाला वाटायचं तुमचा आहे.”

“दुसरा मजला,” रेडिओतला मी म्हणालो. “शिवणकाकूंचं घर. शांतता.” घूं इथेही होतं, जरा ठसठशीत. “पहिला मजला. पोस्टमास्तरांचं घर. शांतता.” आता घूं पोस्टमास्तरांच्या भिंतीवरच्या घड्याळालाही दाबत होतं. जो तो कान टवकारून, मान वाकडी करून ऐकत होता. जिना उतरावा तसा तो आवाज पायरीपायरीने मोठा होत खाली येत होता, आणि आम्ही सगळे खालीच बसलो होतो.

“तळमजला. सेक्रेटरींचं घर. शांतता.”

घूंऽऽऽऽ! रेडिओवरचा विणलेला रुमाल थरथरायला लागला.

“यंत्रच भिकार आहे!” सेक्रेटरी उठले आणि त्यांनी खाडकन रेडिओ बंद केला.

रेडिओ बंद झाला. घूं चालूच राहिलं.

त्या खोलीत तेव्हा जी शांतता पसरली तिच्यापुढे मी गोळा केलेल्या चारही फिक्या. सेक्रेटरींना तो आवाज रोजचा, कान सरावलेले, म्हणून माझ्या यंत्रासमोर छाती काढून बसताना त्यांना तो ऐकूच आला नव्हता. आता आला. त्यांचा हात टीव्हीकडे गेला, पण माझी बायको त्याआधी उठली होती. रोज तीन जिने बादल्या वाहणारी बाई ती. सरळ स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि आतून हाक आली, “या हो, सगळ्यांनी बघायला या!”

कपाटात पाणी ओढायची मोटार होती. अंगावर जुनी दुलई पांघरलेली. सगळ्या इमारतीचं पाणी मुख्य नळातून खेचून सेक्रेटरींच्या टाकीत नेत होती.

“थंडी वाजत असेल बिचारीला,” बायको म्हणाली.

“गैरसमज नको,” सेक्रेटरी म्हणाले. “ती सगळ्यांसाठीच आहे. दाब वाढावा म्हणून. प्रयोग चालू होता.”

“कधीपासून?” पोस्टमास्तरांनी विचारलं.

“ते बघावं लागेल,” सेक्रेटरी म्हणाले आणि सवयीने शिक्का शोधायला लागले.

मोटार त्याच संध्याकाळी निघाली. आता तुम्हाला वाटेल, इमारतीने मला खांद्यावर घेतलं असेल. छे! पोस्टमास्तर म्हणाले, “ते सगळं ठीक आहे, पण माझी शीळ का नाही लावलीत? तीच चांगली होती म्हणून दाबलीत ना?” काकू म्हणाल्या, “भाऊजी, गाणं माझं कचऱ्यात घातलंत म्हणे!” बायको म्हणाली, “मी कपाट उघडलं म्हणून कळलं. तुम्ही तर खुर्चीत बसून होतात.” आणि शांततेचा आळ कायमच राहिला, उलट पुराव्यानिशी सिद्ध झाला.

रेडिओबाईंना मी जाब विचारला, “चारही घरांची शांतता लागोपाठ लावलीत, तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं ना. वाटलं, तुमचा काहीतरी नवा प्रयोग आहे. तुम्ही लेखक ना?” मग म्हणाल्या, “आणखी दोन इमारतींतून निरोप आलेत. त्यांच्याकडेही घूं येतं म्हणे. बरं, येत्या रविवारी तुमची ‘काटा’ लावू. पण पुडक्याला खरं नाव द्या.”

त्या रविवारी मी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला, रेडिओ टेबलावर मांडला, समोर दोन खुर्च्या ठेवल्या. एक बायकोची. बाईंनी माझं नाव घेतलं आणि माझा आवाज सुरू झाला : ‘बाजार उठत आला होता...’

नेमकं तेव्हाच पाणी सुटलं.

करंगळीएवढं नव्हे. मनगटाएवढं! आमच्या नळातून असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. “अहो, बादली लावा! अहो, पिंप सरकवा! तो टब आणा आधी!” बायको ओरडत होती. खालून काकूंच्या हंड्यांचा खणखणाट, त्याच्याखाली पोस्टमास्तरांची आनंदाची शीळ. सबंध इमारत पाणी भरत होती. रेडिओवर माझा दुकानदार पारड्याखाली मेण चिकटवत होता आणि मी टब ओढत होतो. तो पकडला गेला तेव्हा मी गच्च ओलं पायपुसणं पिळत होतो. शेवटी तो पश्चात्तापाने रडतो, तो परिच्छेद मी सहा वेळा नव्याने लिहिलेला आहे. तो चालू असताना बायकोने विचारलं, “रेडिओ बंद करू का? नळाचा आवाज नीट ऐकू येत नाही.”

इमारतीत कोणीही माझी कथा ऐकली नाही. माझ्याच करणीने सगळ्यांना पाणी मिळालं, आणि पाण्याने माझे सगळे श्रोते नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सेक्रेटरी उभे होते. वाटच बघत.

“तुमची कथा ऐकली.”

“कुठून कुठपर्यंत?” मी संशयाने विचारलं.

“बाजार उठत आला होता, तिथपासून तो रडतो तिथपर्यंत. वहीत मुद्दे काढत ऐकली. तो मापात मारणारा दुकानदार, तो मीच ना?”

“तुम्ही इथे राहायला येण्याच्या आधीची कथा आहे.”

“असं सगळेच म्हणतात. तो मेण कोमट करून लावतो, ते वर्णन छान आहे. बायको त्याला जेवताना काही विचारत नाही, तेही खरं आहे. मधला भाग चांगला खुलला आहे.” मी जिन्याचा कठडा धरला. इतक्या वर्षांत मध्य वाचणारा, म्हणजे ऐकणारा, हा पहिला माणूस. “पण शेवट साफ खोटा आहे, साहित्यिक. तो रडतो काय, माफी मागतो काय! तसा माणूस रडत नाही.”

“मग काय करतो?”

“काही नाही. थोडे दिवस गप्प बसतो,” असं म्हणून ते दार लावून आत गेले.

मी दिवसभर बाजारात तराजू उलटे करत होतो आणि ते वाक्य डोक्यात घोळत होतं. माणूस म्हणून मला तो पसंत नाही, पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. घरी येऊन मी ‘काटा’ची शेवटची पानं, सहा वेळा लिहिलेली, फाडून टाकली. तिथे काय लिहायचं याचा विचार करत बसलो. पाणी सुटलं. स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली.

“अहो, धार जरा बारीक झाल्यासारखी वाटते का हो?”

मी उठून पाहिलं. मग चपला न घालता तीन जिने उतरलो आणि सेक्रेटरींच्या दाराला कान लावला.

आत टीव्ही लावला होता. खूप मोठ्याने.